प्रयोगाआधी फरक किती धरायचा? हापूसच्या साक्यावरून एक उत्तर

दापोलीकडे उद्यानविद्येत एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "हापूसच्या फळांना कागदी पिशवी घातली तर साका, म्हणजे फळाच्या गरात आतून होणारा बिघाड, किती कमी होतो, हे प्रबंधासाठी पाहायचं आहे. सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) इफेक्ट साइझ, म्हणजे फरकाचा आकार, देऊन झाडांची संख्या दाखवा, असं गाईड सांगतात. एका छापील लेखात साका निम्म्याहून कमी झालेला दिसतो. गेल्या हंगामात मी सहा झाडांवर करून पाहिलं, त्यात फरक त्याहून मोठा आला. वर्गातले बाकीचे सॉफ्टवेअरमध्ये 'मध्यम' म्हणून ०.५ टाकतात. सर, यातलं काय घेऊ?"

तिन्हींपैकी कुठलाही आकडा तसाच उचलू नका. प्रत्येकाचा थोडाफार उपयोग आहे, पण झाडांची संख्या काढायला नाही.

इफेक्ट साइझच्या रकान्यात आपण दोन वेगळ्या गोष्टी भरत असतो. पिशवीने साका किती कमी होईल असं तुम्हाला वाटतं, ही एक. किती कमी झाला तर पिशवी घालणं परवडेल, ही दुसरी. पहिला अंदाज, दुसरा हिशेब. झाडं किती लागतील ते दुसऱ्यावरून काढायचं. अंदाजाचा उपयोग एवढाच, की परवडणारा फरक प्रत्यक्षात येण्याजोगा आहे का हे तपासता येतं. परवडायला शंभरात १५ फळं वाचायला हवीत आणि पाचाच्या वर वाचतील असं कुणालाच वाटत नसेल, तर तो प्रयोग करण्यात अर्थ नाही, विषय बदला.

तेव्हा आधी हिशेब. खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या भागातले भाव तुम्ही घाला. समजा पिशवी आणि ती बांधायची मजुरी मिळून फळामागे ३ रुपये पडतात, आणि चांगलं फळ ५० रुपयांना जातं. साका निघालेलं फळ बागायतदार गिऱ्हाइकाला बदलून देतो, म्हणजे त्याचे ५० रुपये गेले. शंभर फळांच्या पिशव्यांना ३०० रुपये लागले, ते भरून यायला शंभरात ६ फळं वाचायला हवीत. पण नुसता खर्च सुटावा म्हणून कोणी कलमावर चढत नाही. हातात काही राहायचं तर ८ तरी वाचावीत. तुमचा दखल घेण्याजोगा फरक हा: शंभरात ८ फळं.

इथे 'कोणाला परवडेल' हेही लिहावं लागतं. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. वाशीला पेट्या पाठवणाऱ्याला त्याचा तोटा थेट लागत नाही. पुण्या-मुंबईत घरपोच पेटी देणाऱ्याला मात्र मे महिनाभर फोन घ्यावे लागतात. कॅनिंगवाल्याचं गणित तिसरंच. शिवाय पिशवीने फळमाशी टळते, डाग कमी पडतात. ते फायदे धरले तर साक्यापुरता लागणारा फरक ८ वरून खाली येईल. हा आकडा चार बागायतदारांशी बोलून तुम्ही आणि गाईडनी ठरवायचा आहे. संख्याशास्त्रवाल्याकडे मागू नका. तो देईलही, पण त्याला पिशवीचा भाव माहीत नसतो. (साकाच नको असेल तर नीलम आणि हापूसच्या संकरातून दापोलीच्या विद्यापीठाने काढलेला रत्ना आंबा आहेच, पण गिऱ्हाईक हापूसच मागतं, त्याला काय करणार.)

आता तुमचे तीन आकडे.

०.५ चा उगम जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे आहे. त्यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९६९ ची, सगळे उद्धृत करतात ती दुसरी १९८८ ची. दोन गटांच्या सरासरीतला फरक भागिले प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप), याला त्यांनी d म्हटलं आणि ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा असे टप्पे दिले. मध्यमचं त्यांचं उदाहरण होतं १४ आणि १८ वर्षांच्या मुलींच्या उंचीतला फरक. दुसरा काहीच आधार नसेल तेव्हाच हे टप्पे वापरा, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. ते वाक्य कोणी उद्धृत करत नाही. मुलींच्या उंचीवरून देवगडच्या कातळावरच्या कलमांबद्दल काय ठरणार?

d ची दुसरी खोड अशी, की भाजकातलं विचलन तुमच्या निवडीवर अवलंबून असतं. पिशवीने फळाचं वजन २० ग्रॅम वाढतं असं धरा. सड्यावरची (कातळी पठारावरची), वलाटीतली, जुनी, नवी अशी सगळी कलमं घेतलीत आणि विचलन ४० ग्रॅम आलं, तर d ०.५ होतो. एकाच वयाची, एकाच बागेतली कलमं निवडून ते २५ वर आणलंत, तर तोच ०.८ होतो. बागायतदाराला मिळालेले ग्रॅम तेवढेच, पण तुमचा 'मध्यम' परिणाम 'मोठा' झाला. ८० टक्के पॉवर (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळीसाठी (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता) गटामागे साधारण १६ भागिले d चा वर्ग एवढी संख्या लागते: ०.५ ला ६४, ०.८ ला २५, ०.२ ला ४००. म्हणून फरक नेहमी ग्रॅममध्ये, फळांत, रुपयांत लिहा आणि विचलन शेजारी वेगळं द्या. तपासणाऱ्याला दोन्हींवर वाद घालता आला पाहिजे. d एकट्यावर वाद घालता येत नाही, म्हणूनच तो लोकांना आवडतो, असा माझा संशय आहे.

छापील लेखाचं दुखणं वेगळं आहे. समजा खरा d ०.२ आहे आणि लोक गटात २५-२५ झाडं घेऊन प्रयोग करतायत. एवढ्या झाडांत निकाल सिग्निफिकंट, म्हणजे नुसत्या योगायोगाचा नाही असा, यायला हाती आलेला d किमान ०.५७ लागतो. म्हणजे शंभरातल्या ज्या दहा-अकरा प्रयोगांत तो येईल, त्या प्रत्येकात फरक खऱ्याच्या जवळजवळ तिप्पट दिसणार. उरलेले नव्वद प्रयोग कपाटात. लेख लिहिणारा खोटं बोलत नसतो, गाळणीच तशी आहे. मानसशास्त्रातले १०० छापील प्रयोग पुन्हा करून पाहणारा मोठा प्रकल्प २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ लेखांत ९७ टक्के निकाल सिग्निफिकंट होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के उरले, आणि फरकाचा सरासरी आकार साधारण निम्म्यावर आला. शेतीत नेमकं तेवढंच होईल असं नाही. पण लहान प्रयोगातून आलेला चमकदार फरक मी निम्मा करूनच वाचतो, आणि त्याच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलचं, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो त्याचं, खालचं टोक आधी बघतो.

मोठा फरक खरा असूच शकत नाही, असं मात्र समजू नका. आपल्याच कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांवर केलेला प्रयोग २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. नुसत्या प्राझोसिन या औषधावर १० तासांत ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे झाले; प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलस दिलेल्या गटात ३५ पैकी ३२. एवढी तफावत दिसायला ७० रुग्ण भरपूर झाले. पण तिथे कारण सरळ आहे: विष रक्तात, प्रतिलस रक्तात, ती विषाला निकामी करते. तुमची पिशवी साक्याच्या मुळाशी असं थेट भिडत नाही. जमिनीतून वर येणारी उष्णता, फळाची पक्वता, काढणीची वेळ अशी बरीच कारणं साक्यामागे सांगितली जातात, आणि पिशवी त्यातल्या एखाद-दुसऱ्यालाच हात लावेल. कारणांची साखळी जितकी लांब, तितका फरक लहान धरायचा. लेख वाचताना टक्क्यांआधी ही साखळी बघा.

तुमच्या सहा झाडांच्या चाचणीबद्दल वाईट वाटून घेऊ नका, पण त्यातला फरक विसरा. गटात दहा-दहा झाडं असती आणि d ०.५ आला असता, तरी खरा आकडा उणे ०.४ पासून १.४ पर्यंत कुठेही असू शकला असता. त्यात आणखी एक गोष्ट. फरक दिसला नसता तर तुम्ही हा विषय घेतलाच नसता. म्हणजे पुढे गेलेल्या चाचण्या मुळातच फुगलेल्या असतात. चाचणीतून फळगळ किती, पिशव्या वाऱ्याने किती फाटतात, एका माणसाला दिवसात किती झाडं जमतात हे घ्या. ते सोनं आहे. विचलनही घ्या, पण सांभाळून: १० झाडांवरून प्रमाण विचलन काढलं, तर खरं विचलन त्याच्या ०.६९ पटीपासून १.८३ पटीपर्यंत असू शकतं, आणि झाडांची संख्या विचलनाच्या वर्गाने वाढते. १.८३ चा वर्ग केलात तर गरज तिपटीच्या वर जाते. तेव्हा चाचणीतलं विचलन थोडं वर उचलूनच धरा.

विचलनासाठी याहून चांगला साठा तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडलाय. जुने प्रबंध काढा. त्यांत विचलन सरळ दिलेलं नसतं, 'एस.ई.एम.' (सरासरीची प्रमाण त्रुटी) आणि 'सी.डी. ५ टक्के' (दोन सरासरींत किमान एवढा फरक असला तरच तो सिग्निफिकंट) असतं. एस.ई.एम. गुणिले रेप्लिकेशनच्या (प्रयोगातल्या पुनरावृत्तींच्या) संख्येचं वर्गमूळ म्हणजे विचलन: ४ रेप्लिकेशन आणि एस.ई.एम. २.५ असेल तर विचलन ५. फक्त सी.डी. दिला असेल तर त्याला ढोबळमानाने ३ ने भागा, एस.ई.एम. मिळेल. दोन ठिकाणी पाय घसरतो. हे विचलन प्लॉटच्या, म्हणजे एकच उपचार दिलेल्या झाडांच्या तुकडीच्या, सरासरीचं असतं. प्लॉटमध्ये दोन झाडं असतील तर एका झाडाचं विचलन त्याहून जास्त निघेल. आणि टक्केवारीचे आकडे बहुतेक वेळा आर्कसाइन रूपांतर करून, म्हणजे टक्क्यांचे कोन करून, तपासलेले असतात, तेव्हा एस.ई.एम. हा टक्क्यांचा नसून अंशांचा असतो. तक्त्यात कंसातला आकडा कुठला आणि कंसाबाहेरचा कुठला, हे तक्त्याखालच्या टिपेत बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीन-चार प्रबंध, वेगवेगळ्या हंगामांतले, एवढं पुरतं. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो, त्यामुळे एकाच सालावरून विचलन घेणं धोक्याचं.

साध्या बागेत, पिशवीशिवाय, साका किती निघतो हे प्रबंधांतून मिळेल किंवा बागायतदारांकडून. त्यांना "साधारण किती?" असं विचारू नका, लगेच एक गोल आकडा येतो आणि पुढे सगळे त्यालाच चिकटतात. "काका, सगळ्यात वाईट साल कुठलं? त्या साली डझनात किती फळं निघाली?" इथून सुरुवात करा, मग सगळ्यात चांगलं साल विचारा, मधलं शेवटी. प्रत्येकाला वेगळं गाठून विचारा. दोघे एकत्र बसले की धाकटा थोरल्याचा आकडा सांगतो.

आता प्रत्यक्ष गणित. समजा पिशवीशिवाय शंभरात २० फळांना साका असतो आणि तो १२ वर आला तर तुम्हाला कळायला हवं. प्रत्येक फळ स्वतंत्र धरलं तर गटाला साधारण ३३० फळं लागतात. इथेच बरेच जण थांबतात, आणि इथेच प्रबंध पडतो. एका झाडावरची फळं स्वतंत्र नसतात. तीच मुळं, तीच जमीन, तोच मोहोर. झाडातल्या फळांचं एकमेकांशी साम्य मोजणारा सहसंबंध ०.१ धरला आणि झाडामागे २० फळं घेतली, तर संख्या १ अधिक १९ गुणिले ०.१, म्हणजे २.९ पट होते. ३३० ची सुमारे ९५० फळं झाली, गटाला ४८ झाडं, दोन गटांना ९६. एवढी झाडं एम.एस्सी.ला कोण देणार?

म्हणून गट झाडांचे करू नका. त्याच झाडावर २० फळांना पिशवी, २० फळं उघडी. झाडाझाडांतला फरक दोन्ही बाजूंना सारखा येतो आणि वजाबाकीत निघून जातो. त्याच हिशेबाने आता १५ झाडं पुरतात. फवारणीच्या प्रयोगात असं करता आलं नसतं, औषध शेजारच्या फांदीवर उडतं. पिशवी शेजारच्या फळाला त्रास देत नाही, हा तुमच्या विषयाचा मोठा फायदा आहे, तो घ्या. पण १५ वर खूश होऊ नका. त्या आकड्यात पिशवीचा गुण सगळ्या झाडांवर सारखाच येतो असं धरलंय. सड्यावर उन्हात भाजणारं कलम आणि घराशेजारच्या सावलीतलं कलम यांत तो वेगळा येणारच. झाडागणिक परिणाम शंभरात १० फळांइतका मागेपुढे होतो असं धरलं, तर १५ ची २७ होतात. लहान संख्येची दुरुस्ती धरून ३० म्हणा.

३० झाडं, झाडामागे ४० फळं, म्हणजे १२०० फळं कापायची. पाच डझनी वीस पेट्या! बागायतदार हसेल. मग झाडामागे पिशवीची १० आणि उघडी १० घेऊन पाहा: झाडं ४४ लागतात, फळं मात्र ८८०, पेट्या पंधराच्या आत. फळ महाग असेल तर झाडं वाढवा, गडी महाग असेल तर फळं. ही अदलाबदल गाईडसमोर कागदावर मांडा. मला विचाराल तर मी दुसरीकडे झुकेन, कारण जास्त झाडांवरून निघालेला निष्कर्ष जास्त बागांना लागू पडतो.

आणि बाग एकच, झाडं वीसच मिळणार असतील तर हिशेब उलटा करा. २० झाडं, २०-२० फळं, परिणाम वरच्याइतकाच मागेपुढे: शंभरात ९ फळांपेक्षा लहान फरक तुमच्या हाती खात्रीने लागणार नाही. हे सिनॉप्सिसमध्ये सरळ लिहा. ८ च्या जवळ आहे, चालेल, असं परीक्षक म्हणू शकतो. पण २० झाडांत बसावं म्हणून 'अपेक्षित फरक' १२ लिहिणं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. संख्या आधी ठरते, मग तिला शोभेल असा फरक शोधला जातो. अनुभवी परीक्षकाला ते पहिल्या पानावर कळतं.

पिशवीची फळं निवडताना हाताला लागतील ती घेऊ नका. खालच्या फांद्यांवरची फळं जमिनीच्या उष्णतेजवळ असतात. तीच सगळी पिशवीत गेली तर तुलना तिथेच बिघडली. आधी झाडावरच्या योग्य फळांना नंबर द्या, मग चिठ्ठ्या टाका. पिशव्या फळ गोटी ते अंड्याएवढं असताना घालायच्या, म्हणजे त्यानंतरही गळ होणार. गळ किती ते तुमच्या चाचणीत दिसलंच असेल, तेवढी फळं जास्त धरा. पिशवीने गळही कमी होत असेल, तर काढणीला उरलेल्या दोन बाजूंच्या फळांची तुलना थोडी वाकडी होते. म्हणून गळलेल्या फळांचीही नोंद ठेवा, दोन्ही बाजूंची वेगळी.

सिनॉप्सिसमधला परिच्छेद साधारण असा लिहा, आकडे तुमचे: "घरपोच विक्री करणाऱ्या बागायतदाराला पिशवीचा खर्च भरून थोडा नफा राहण्यासाठी साक्याचं प्रमाण शंभर फळांत किमान ८ ने कमी व्हायला हवं. पिशवीविना प्रमाण २० टक्के धरलं आहे. जुन्या प्रबंधांत ते अमुक ते अमुक आढळतं. झाडातल्या फळांचा सहसंबंध ०.१ आणि झाडागणिक परिणामातला चढउतार १० धरला आहे. ८० टक्के पॉवर आणि ५ टक्के पातळीवर ४४ झाडं लागतात. मूळ प्रमाण १५ किंवा २५ टक्के असेल, अथवा चढउतार १५ असेल, तर लागणारी संख्या सोबतच्या तक्त्यात दिली आहे." तो तक्ता नक्की जोडा. गृहीतकं चुकली तर काय होईल ते आधीच दाखवलंत की तोंडी परीक्षेतले निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

एका हंगामाच्या प्रबंधावर याहून जास्त ओझं टाकू नका. जमलं तर निम्मी झाडं या साली आणि निम्मी पुढच्या साली घ्या. एकूण संख्या तेवढीच राहते, पण धरतं साल आणि रुसलेलं साल दोन्ही हाती येतात. अर्थात विद्यापीठाचं वेळापत्रक ते करू देईल का, हे गाईडना विचारूनच ठरवा, आणि विचारायचं तर मोहोर यायच्या आधी विचारा.